ऑटोवर टाकलेल्या मोटारी

तुमच्या घरची लाईट गेली, तर कोणाचा श्वास अडकतो?

आमच्या घरी माझ्या थोरल्या काकूचा अडकतो. आम्ही तिला मोठीमाय म्हणतो. मारेगावच्या पुढे, जंगलाला लागून आमची वस्ती. वणीकडचा कोळसा लांबच्या शहरांना उजेड देतो. आम्हाला मात्र घरं आणि शेतं मिळून एकच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर.

त्या दुपारी मोठीमायला धाप लागली आणि लाईन नव्हती. वाफेची मशीन तयार ठेवून मी बसलो होतो. अचानक पंखा फिरला. तिने घाईने मास्क लावला. तेवढ्यात शिवारातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. लाईन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकाने मोटार ऑटोवर टाकलेली, लाईन येताच आपोआप सुरू व्हावी अशी, आम्हीसुद्धा. एवढा भार एकदम पडून डीपीवर धडाका झाला आणि पंखा थांबला.

"गेली काय?"

"येते आता."

"कायले खोटं बोलून राह्यला? पुढारी होतं काय?" ती हसायला गेली आणि खोकत राहिली.

मी विजेच्या ऑफिसात फोन लावला. "डीपी जळाली असेल तर ट्रॅक्टरवर टाकून आणा," साहेब म्हणाले. मी खूप भांडलो. गावाच्या मागण्यांची इतकी पत्रकं लिहिलेला मी, शेवटी दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत पुठ्ठ्याने तिला वारा घालत बसलो.

दवाखान्यात ती सावरली. पण दुरुस्त होऊन आली ती तीच डीपी, आणि मोटारीही पुन्हा ऑटोवर आहेत.

तुमच्या डीपीवर असं कोणी आजारी असेल, तर आजच आपल्या मोटारीचा ऑटो काढा. आणि उद्या सगळे मिळून दुसरी डीपी मागायला ऑफिसात जा.