झेल्यातला फोन

सुकऱ्याची जीभ कडू आहे, हे उंबरपाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्याने घोलवडच्या वाड्यांत, म्हणजे फळबागांत, चिकू काढले, पण त्यातला गोडवा त्याच्या बोलण्यात काही उतरला नाही. तलासरीकडच्या पाड्यांतून पहाटे मजुरांचा टेम्पो निघायचा. त्यात उभ्याने जायचं आणि दिवसभर झाडाखाली मान वर करून झेला चालवायचा, हे त्याचं आयुष्य. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला लोखंडी कडं आणि कड्याला जाळी. फळ तुटलं की जाळीत आलं पाहिजे. जमिनीवर पडलं की डागलं, आणि डागलेलं फळ पेटीत भरत नाहीत. म्हणून वरून काहीही सुटलं की सुकऱ्याचे हात आपोआप तिकडे जायचे. एकदा चिमीच्या, म्हणजे बायकोच्या, हातून फळीवरचा तांब्या निसटला, तर यानं जेवता जेवता तो डाव्या हाताने झेलला आणि वर तिलाच म्हणाला, "पितळेचा होता म्हणून. मडकं असतं तर पडू दिलं असतं."

आता गुडघे बोलायला लागले होते म्हणून वाडीवर तो आठवड्यातून दोनतीनदाच जायचा. उरलेले दिवस घरात. आणि घरात त्याला सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा यायचा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीसमोर, त्याला तोंड बंद ठेवून बसावं लागायचं.

टीव्ही मुलाने घेतला होता. रूपेश आयटीआय करून आधी तारापूरकडच्या एका कारखान्यात होता, मग एसी दुरुस्तीच्या कामाला कुवेतला गेला. गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने भिंतभर टीव्ही घरी पोचवला. सुकऱ्याला वाटलं, पोराला म्हाताऱ्यांची काळजी. पण लवकरच खरी गोष्ट कळली. तिकडे आपलं मॅचचं ॲप चालत नव्हतं. चाललंच तर मराठीत बोलणारे नव्हते, आणि आये बघायची ती संध्याकाळची मालिका तर कुठेच दिसत नव्हती. मग रूपेशनं एक फोनही पाठवला आणि सांगितलं, "बा, व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन टीव्हीसमोर धरायचा. बस."

बस म्हणे. चिमीने भाताच्या डब्यावर डबा ठेवून फोनला ओटा केला. संध्याकाळ झाली की फोन त्या ओट्यावर चढायचा, तोंड टीव्हीकडे, पाठ घरच्यांकडे. तिकडे एका खोलीत रूपेश आणि चार गाववाले खाटेवर बसून ते हलतं, चमकतं चित्र बघायचे. इकडे कुणी खोकलं तरी फोनमधून आवाज यायचा, "आये, आवाज नको. ऐकू येत नाही."

"विमानात बसून समुद्र ओलांडला," सुकऱ्या चिमीला अंगणात नेऊन म्हणायचा, "आणि बघायचं काय, तर उंबरपाड्यातल्या घरातला टीव्ही. एवढाच बघायचा होता तर दारात बसून बघायचा होता. विमान कशाला लागतं?"

"हळू बोला. आत ऐकू जाईल."

"जाऊ दे. मॅचवाला बोलतो त्याच्यात माझेही दोन शब्द ऐकू दे."

रूपेशची मुलगी शितल आता तीन वर्षांची होती. बाप कुवेतला गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती, आणि मधे तो एकदाच महिन्याभरासाठी येऊन गेला तेव्हा रांगत होती. तिला फोन डब्यावर चढलेला दिसला की ती ओठांवर बोट ठेवून "श्शऽ" करायची. तिच्या हिशेबी बाबा म्हणजे ती काळी चपटी वस्तू, जिच्यासमोर बोलायचं नसतं. सुकऱ्याला ते बघवायचं नाही. सुषमा, त्याची सून, एका रोपवाटिकेत कामाला होती. तीही आल्यावर एका कोपऱ्यात बसून पिशव्यांतली माती नखांतून काढत राहायची आणि नवऱ्याचा कॉल मॅचच्या मधल्या जाहिरातींपुरता तिच्या वाट्याला यायचा.

होळीनंतर रूपेशचा करार संपत होता. पुढची दोन वर्षं घ्यायची की परत यायचं, ते त्याला कंपनीला सांगायचं होतं. "विचार करून सांगतो," असं तो म्हणाला होता. ते ऐकल्यापासून सुकऱ्याची झोप उडाली होती. दर कॉलला तो विचारायला तोंड उघडायचा. "रूपेश, ते कराराचं..."

"बा, ओव्हर संपू दे."

ओव्हर संपायची, दुसरी सुरू व्हायची. सुकऱ्याला याचना करायची सवय नव्हती. तो तोंड मिटायचा आणि बाहेर जाऊन बैलाला शिव्या द्यायचा.

त्यातच कुवेतवाल्या पाच जणांनी गावात टेनिस बॉलची स्पर्धा ठेवली. कुवेत ग्रुप चषक. उंबरपाड्याच्या अकरा पोरांना शर्ट आले, पाठीवर कुवेतच्या पाच जणांची नावं आलटूनपालटून. त्यांतला नविन फलंदाजी करायचा आणि पाठीवर नाव रूपेशचं.

"जो इथं नाही त्याचं नाव पाठीवर," सुकऱ्या म्हणाला, "आणि जो पळतो त्याचं नाव कुठं? धुण्यात गेलं?"

"काका, शर्ट फुकट आहे," नविन हसून म्हणाला. "नाव धुऊन निघत नाही म्हणून तसाच घालतो."

फायनलही शुक्रवारी ठेवली, कारण कुवेतला शुक्रवारी सुट्टी. गावात शुक्रवारी बऱ्याच जणांना कामाला जायचं होतं, पण विचारतो कोण. बक्षिसाचा बोकड आदल्या दिवसापासून मंडपाच्या खांबाला बांधलेला होता आणि त्याच्याही गळ्यात 'कुवेत ग्रुप' अशी पट्टी होती. सुकऱ्याने त्याला पाला टाकला आणि म्हणाला, "खाऊन घे. तुझा करार उद्या संपतो."

शुक्रवारी सकाळीच रूपेशचा हुकूम आला. मैदानावर लाईव्ह दाखवणारा कुणी मिळाला नव्हता. फोन बाने धरायचा. सुकऱ्याने धरला, पण पुढे माणसांची भिंत. फोनमधून पाच जण ओरडले, "पाठी दिसतात, बा! वर धर!" सुकऱ्याने हात वर केले. दोन ओव्हरमध्ये खांदे भरून आले. मग तो घरी गेला आणि झेला घेऊन आला. वाडीतला लांब नव्हे, परसातल्या झाडासाठी ठेवलेला बुटका. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने फोन कड्याला आवळला, तोंड मैदानाकडे, जाळी मागे लोंबकळत. झेला डोक्यावर हातभर वर गेला आणि लोक हसायला लागले.

"सुकऱ्याकाका, मोबाईल पिकला का?"

"कच्चाच आहे," सुकऱ्या म्हणाला. "कुवेतला पाडाला लावलाय."

वरून, भुताने झाडावर बसून बोलावं तसा, रूपेशचा आवाज यायला लागला. "डावीकडे, बा. थोडं खाली. आता मस्त. हलवू नको." सुकऱ्या घामाने निथळत होता. आपल्या हातावर आयुष्यभर वाडीमालकाने हुकूम चालवला, आता पोराने चालवावा, तोही हजार कोसांवरून. मध्ये शेवटचं एकदा त्याने मान वर करून विचारलं, "रूपेश, करार..."

"बा! शेवटची ओव्हर आहे!"

गंजाडच्या टीमने धावा बऱ्याच केल्या होत्या. उंबरपाड्याला शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या, म्हणजे सिक्सच. नविन उभा होता. सुकऱ्याच्या समोर मंडपाचा बांबू आडवा येत होता आणि वरून पाच जण एका सुरात ओरडत होते, "नविन दिसत नाही! आत घे, बा, आत! अजून आत!"

सुकऱ्याने झेला सीमेच्या दोरीच्या आत झुकवला.

अंपायर पांड्या लांबून ओरडला, "काका, बांबू मागे घ्या!"

"कुवेतला सांग," सुकऱ्या म्हणाला.

चेंडू पडला, नविनने बॅट फिरवली आणि चेंडू उंच गेला. सगळं मैदान उभं राहिलं. चेंडू सरळ सुकऱ्याच्याच दिशेने येत होता, दोरीपलीकडे बकऱ्यांच्या कळपात पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण सुकऱ्याला चेंडू दिसलाच नाही. त्याला फक्त वरून काहीतरी सुटून येताना दिसलं, गोल, जमिनीकडे. चाळीस वर्षांचे हात हलले. झेला हातभर पुढे सरकला, किंचित वळला, आणि चेंडू कड्यावर आपटून अलगद जाळीत येऊन बसला. कड्यावर जिथे तो आपटला तिथेच फोन होता.

 मग फोनच्या काचा सुकऱ्याच्या डोक्यावर पडल्या. सुषमाच्या कडेवरची शितल रडायला लागली, "बाबा फुटला! बाबा फुटला!"

त्यानंतर जी भांडणं झाली ती संध्याकाळपर्यंत चालली असती, पण पांड्या ठाम होता. झेला दोरीच्या आत होता, चेंडू आत अडला, सिक्स नाही. डेड बॉल, पुन्हा टाका. पुन्हा टाकलेल्या चेंडूवर नविनचा त्रिफळा उडाला. गंजाडवाले बोकड खांद्यावर घेऊन नाचत गेले. उंबरपाड्याची पोरं सुकऱ्याकडे अशी बघत होती की जणू बोकडाच्या जागी त्याला न्यायला हवं होतं.

"काका, मॅच होती," नविन म्हणाला. त्याला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. "तोडणी नव्हती."

तेवढ्यात सुषमाचा फोन वाजला. तिने तो सासऱ्यापुढे केला.

"बा, काय झालं? काळं झालं सगळं! बॉल कुठं गेला? सिक्स दिला का?"

"तू कधी येतोस?"

"अरे आधी सांग ना! इथं जीव चाललाय आमचा!"

"जीव चाललाय," सुकऱ्या म्हणाला. "एका चेंडूला जीव चाललाय. मी महिनाभर एक गोष्ट विचारतोय. येतोस की नाही, तेवढं बोल. मग तुझा चेंडू सांगतो."

पलीकडे चौघांचा गलका थांबला. रूपेश म्हणाला, "सही केली, बा. मागच्या आठवड्यात. सांगायचं होतं, पण... मॅच चालू असायची."

सुकऱ्याने समोर बघितलं. सुषमा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं. ती वळली आणि मुलीचं नाक पुसायला लागली.

"ऐक मग," सुकऱ्या म्हणाला. "हरलो. चेंडू सीमेपार चालला होता, मी झेल्यात धरला."

"तू? बा, तुला कुणी सांगितलं होतं मैदानात झेला घालायला?"

"तू. आत घे, अजून आत घे, कोण बोंबलत होतं? पांड्या? तिथं बसून दोन वर्षं आणखी घेतलीस आणि इथं पाड्याचा बोकडही घालवलास. पाठीवर नाव तुझंच होतं, ते मात्र बरोबर पडलं."

आणि त्याने फोन सुषमाच्या हातात दिला. "बोल. आज मॅच संपली आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूपेशचा कॉल सुषमाच्या फोनवर आला. आवाज पडलेला होता. आधी त्याने सगळ्यांचं बरं-वाईट विचारलं, पटपट, हजेरी घेतल्यासारखं. मग चाचरत म्हणाला, "बा, आज मोठी मॅच आहे. जरा टीव्हीसमोर..."

"ठेवतो," सुकऱ्या म्हणाला.

चिमीने डब्यावर डबा चढवला. सुकऱ्याने फोन ठेवला आणि मग हळूच त्याचं तोंड वळवलं. पाठ टीव्हीकडे, तोंड घराकडे. टीव्ही चालूच होता, मोठ्याने, मॅचवाला घसा फोडून ओरडत होता. फोनला मात्र दिसत होती चूल, चुलीपुढे पानगे भाजणारी चिमी, नखांतली माती काढणारी सुषमा आणि ओठांवर बोट ठेवून उभी असलेली शितल.

"बा, उलटा ठेवलास."

"नाही. इतके दिवस उलटा होता."

"बा, अरे..."

"हेच चॅनल लागतं आता. बघायचं तर बघ, नाहीतर बंद कर. कुणाची जबरदस्ती नाही."

सुकऱ्या पाटावर बसला. त्याला वाटलं, आता कट होईल. पानगा भाजून झाला, दुसरा तव्यावर पडला. टीव्हीत कोणीतरी आऊट झाला, मोठा आरडाओरडा झाला. कॉल कट झाला नाही.

"आये," फोनमधून आवाज आला, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

"जाहिरातीत दाखवलं नाही?" सुकऱ्याच बोलला. "दर ओव्हरनंतर होत होते."

चिमीने नवऱ्याकडे डोळे वटारले आणि फोनकडे बघून हसली. शितलने बोट ओठांवरून काढलं. ती डब्यापाशी गेली, फोनमध्ये नाक घालून म्हणाली, "बाबा, तू फुटला होता ना?"

पडद्यावर रूपेशचा चेहरा दिसेनासा झाला. तोंड बाजूला करून तो भिंतीकडे बघत होता, बहुतेक डोळे पुसत होता.

सुकऱ्याने पाटावरूनच हात हलवला. "ए, हलू नको," तो म्हणाला. "पोरीला नीट दिसत नाही."