माणिकबाईचं तोंड

अकोटच्या बाजारात माणिकबाईच्या तोंडाला सगळे टरकून असत. फुलं चिवडून भाव करणारं गिऱ्हाईक असो, की दुकानापुढं मोटारसायकल लावणारा कुणी, तिच्या तोंडातून सुटला असा एक माणूस दाखवता आला नसता. नवरा पुंजाराम शेतात शेवंती, झेंडू पिकवायचा आणि ती विकायची. "फुलं माही, काटे तिचे," असं तो हसून सांगायचा.

त्याच तोंडानं घर मोडलं. सून वर्षाली गरोदर होती, आणि चौथ्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून येऊन ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. चार शेजारणी विचारपूस करायला आल्या. माणिकबाईनं नवस बोलला होता, मऊ धडुत्यांच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. ते सगळं आतून उसळलं आणि ती सगळ्यांदेखत बोलून गेली, "माह्या घरचा वंश खाल्ला इनं. डाकीन हाय, डाकीन."

वर्षालीनं कूसही बदलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं अकोल्याची एसटी धरली आणि माहेर गाठलं. तिचा नवरा सागर, माणिकबाईचा एकुलता एक मुलगा, घरातच राहिला. पण आईशी बोलायचा थांबला. ताट पुढं आलं की जेवायचा आणि उठून जायचा.

दर पौर्णिमेला बुद्धविहारात पांढरी शेवंती पोचवायचं काम माणिकबाईकडं असे. त्या हिवाळ्यात एका पौर्णिमेला ती टोपली घेऊन गेली, तेव्हा आत ध्यानाचा वर्ग चालू होता. दीक्षा नावाची एक नर्स तो चालवायची. "बसा मावशी, पाय तरी टेका," ती हळूच म्हणाली. माणिकबाई भिंतीला टेकली. पंधरावीस माणसं डोळे मिटून बसलेली, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. त्या शांततेत माणिकबाईला स्वतःच्या डोक्यातला आवाज ऐकू आला. तिथं ती अजून भांडतच होती. वर्षालीला तेच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवत होती. तिला धडकी भरली. टोपली तिथंच टाकून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिकाम्या हातानं परत आली.

"मले शिकव वं बाई. यानं राग जाते का?"

"जाईन असं मी नाई सांगत," दीक्षा म्हणाली. "पन तो येताना तुमाले दिसला पाहिजे. आता तो बोलून गेल्यावर दिसते."

शिकणं सोपं नव्हतं. नाकाशी श्वास येतो, जातो, तेवढंच पाहायचं. माणिकबाई पाहायला बसली की गुडघे ठणकायचे, मन बाजारात पळायचं. दीक्षा सांगायची, "पळालं तं त्याच्यावर खेकसू नका. परत आना." आणि मग, "राग आला की आंगात कुठं काय होते, थे पाहा. आलं ते जाते. मधे तोंड घालू नका." हळूहळू माणिकबाईला कळलं, की तिचा राग आधी बोटांत येतो, मग कानशिलं तापतात आणि शेवटी जीभ सुटते. कधी तो बोटांतच सापडायचा, कधी निसटायचा. एकदा एका माणसानं हार नाकाला लावून परत टाकला, तर तिनं पाण्याची बादलीच त्याच्या अंगावर रिकामी केली. सगळा बाजार हसला. "काय माणिकबाई, ध्यान उतरलं का? विहारात जाऊन हेच शिकून राहिल्या का?" त्या संध्याकाळी ती लाजेनं वर्गाला गेली नाही. त्यानंतर मात्र चुकली नाही.

उन्हाळा लागला तशी ती म्हणाली, "मी अकोल्याले जातो. वर्षालीपाशी."

सागरनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडं मान वळवली. "तू नोको जाऊ. तू गेली तं उरलंसुरलं बी मोडन."

ती गेली. सोबत पुंजाराम होता.

वर्षालीचे वडील ओमप्रकाश अकोल्यातले भाजीचे व्यापारी. त्यांना निरोप आधीच पोचला होता. बैठकीत त्यांनी शेजारचे चार जण मुद्दाम बोलावून बसवले होते. कुणी पाणी विचारलं नाही. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली वर्षालीची पावलं दिसत होती.

"बोला विहीनबाई," ओमप्रकाश म्हणाले. "त्या दिवशी चार लोकांत बोलल्या होत्या ना? आज बी चार लोक हायेत."

माणिकबाईनं तोंड उघडलं, तोच त्यांचा आवाज चढला. "माही पोरगी जीव वाचवून दवाखान्यातून आली, अन तुमी तिले डाकीन म्हनलं! आरशात पाहा. डाकीन तं तुमीच!"

पुंजाराम ताडकन उठला. जन्मभर कुणाला अरेतुरे न केलेला माणूस ओरडला, "तोंड सांभाळा, ओमप्रकाशजी!" शेजारीही उभे राहिले. कुणीतरी पुंजारामाच्या छातीवर हात ठेवला.

माणिकबाईची बोटं कधीच वळली होती. कानांत जाळ झाला. जिभेवर अशी एक शिवी येऊन बसली होती, की ती सुटती तर त्या दारातून पुन्हा कुणी आत आलं नसतं. श्वास सापडेना. तिनं नाकाशी शोधला, नाही. पुन्हा शोधला. एक आखूड, तुटका श्वास हाती लागला. मग दुसरा. शिवी तिथंच होती, जात नव्हती. पण सुटलीही नाही.

तिनं नवऱ्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"बरोबर बोलले ते," ती म्हणाली. आवाज फाटला होता. मग पडद्याकडं पाहून, "वर्षाली, मी बोलली ते खोटं होतं. तुहं लेकरू गेलं, अन मी माहंच दुःख करत बसली."

पडदा हलला नाही. थोड्या वेळानं पावलं आत निघून गेली. ओमप्रकाश म्हणाले, "झालं? आता या."

परतीच्या एसटीत पुंजाराम खिडकीबाहेर पाहत पुटपुटला, "फुकट गेलो." माणिकबाईला तेच वाटत होतं.

पंधरवड्यानं वर्षालीनं सागरला फोन केला. ती अकोटला आली, पण सासरच्या घरात नाही; दोघांनी स्टँडमागं खोली केली. माणिकबाई त्या दिवशी पुंजारामावर उगाचच ओरडली, मग भिंतीला टेकून डोळे मिटून बसली.

लग्नसराईत कामं वाढली, तेव्हा खोलीच्या भाड्याला हातभार म्हणून वर्षाली दुकानात हार करायला येऊ लागली. बोलणं कामापुरतंच. एका दुपारी माणिकबाई म्हणाली, "गाठ जरा घट्ट मार." एवढंच. वर्षालीनं हार खाली आपटला.

"तुमी सांगनार मले? मले रात्री झोप नाई येत. डोळे मिटले का तुमचाच आवाज येते! माफी मागाले आल्या तं चार लोकांत. मले एकटीले कधी इचारलं, तुह्या पोटात किती दुखलं म्हनून?"

समोरचा नारळवाला हातातलं काम टाकून पाहू लागला. गिऱ्हाइकं थांबली. माणिकबाईचं तोंड आता सुटणार, याची सगळ्यांना खात्री होती. तिची बोटं सुतळीभोवती आवळली, कानशिलं लाल झाली. तिनं नाकाशी श्वास शोधला आणि सुतळी खाली ठेवली.

"अजून हाय का काई?" तिनं विचारलं.

"हाय!"

"मंग बोल."

वर्षाली बोलत राहिली, रडत रडत, पार दवाखान्याच्या पहिल्या कळेपासून. माणिकबाईनं दुकानापुढचा पडदा अर्धा ओढून घेतला आणि ऐकत बसली.