सुस्त सरांचं क्रियापद

सरांनी जन्मात कधी काही उचललं नाही, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत होतं. जेवलेलं ताट नाही, पलंगावरचा ओला टॉवेल नाही, कानाशी वाजणारा फोन नाही. आणि या माणसाने अख्खं आयुष्य घालवलं कशात, तर उचलण्यात. म्हणजे लॅटिनमधल्या ‘उचलणे’ या क्रियापदात. हसू नका, अशी माणसं असतात. कुणी तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी जमवतं, सरांनी एका क्रियापदाचे अर्थ जमवले.

तोल्लो, म्हणजे मी उचलतो. दिसायला साधं, पण आतून नंबरी. भूतकाळात गेलं की ते एकदम सुस्तुली होतं, आणि तोल्लोचं नि सुस्तुलीचं नातं काय, हे कुणाच्या बापाला तोंडावरून ओळखू येत नाही. सर सांगायचे, त्यामागे मोठा इतिहास आहे. या क्रियापदाने आपला स्वतःचा भूतकाळ शेजारच्या ‘वाहणे’ला देऊन टाकला. मग स्वतःचं अडलं, तेव्हा ‘सोसणे’ या तिसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ उचलला आणि आपलाच म्हणून मिरवायला लागलं. सोसलं एकाने, नाव दुसऱ्याचं. हे सांगताना सरांना भरून यायचं, आणि ‘सुस्तुली’ हा शब्द ते खडीसाखरेसारखा तोंडात घोळवत राहायचे. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना सुस्तुली सर करून टाकलं. पुढे शेपूट झिजून नुसतं सुस्त सर उरलं. सर त्यावरही खूश होते. शब्द वापरात असला की झिजतोच, म्हणायचे, ती जिवंतपणाची खूण आहे.

त्यांचा वर्ग शाळेच्या पार टोकाला, खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून होता. भिंतीपलीकडे चेंडू आदळायचे आणि अलीकडे सर अर्थ सांगायचे. तोल्लो म्हणजे उचलणे. नांगर उचलला, जहाज निघालं. ओरड उठवली, तिथेही तोल्लो. बापाने जमिनीवरचं मूल उचललं, म्हणजे ते आपलं मानलं. इथवर सगळं गोडीगुलाबीचं. मग सर आवाज खाली आणत आणि त्याच शब्दाचा दुसरा पदर उघडत. उचलून बाजूला करणे, नाहीसं करणे, आणि समोर माणूस असेल तर सरळ त्याचा काटा काढणे. प्रत्येक अर्थाला उदाहरण दिल्याशिवाय त्यांची गाडी पुढे हलत नसे. “उदाहरण नसलेला अर्थ म्हणजे थाप,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं जांभया द्यायची. हल्ली तर जांभई द्यायलाही पुरेशी मुलं नव्हती.

घरी उचलाउचलीचं खातं बायकोकडे. सरांची म्हातारी आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. तिला सकाळी उठवून बसवायचं, संध्याकाळी खिडकीशी खुर्चीत न्यायचं, परत आणायचं. बाई शिवणाचं मशीन थांबवायची, एक हात म्हातारीच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि ‘हं आई, मानेला धरा’ म्हणून अलगद उचलायची. कधी पाठ धरली तर बाहेर हाक मारायची, “अहो, जरा येता का, आईंना उचलायचंय.” सर पुस्तकातून म्हणायचे, “आलोच.” त्या आलोचला भूतकाळ नव्हता. म्हातारी म्हणायची, “राहू दे गं सूनबाई. त्याच्याआधी देवच उचलेल मला.”

अशात शाळेचे अध्यक्ष एक दिवस आपल्या पायांनी वर्गात आले. अध्यक्ष म्हणजे गावातल्या मोठ्या दवाखान्याचे मालक, धाकटे डॉक्टर. सरांना वाटलं, आली बला. कारण वर्षभर कुजबुज चालू होती की लॅटिनचा वर्ग बंद करून त्या खोलीत कॉम्प्युटर मांडायचे. वर्ग गेला की सर घरी. आणि लॅटिनशिवाय सरांना दुसरं काय येत होतं? लॅटिनशिवाय ते म्हणजे फक्त टॉवेल न उचलणारा माणूस.

पण धाकट्या डॉक्टरांचं काम वेगळंच निघालं. त्यांच्या वडिलांचा, थोरल्या डॉक्टरांचा, अर्धपुतळा दवाखान्याच्या दारात बसवायचा होता. “खाली दोन शब्द हवेत सर. लॅटिनमध्ये. जरा वजन येतं.” मग ते खोलीच्या भिंती मापल्यासारख्या बघत म्हणाले, “आणि ते वर्गाचं काय, शब्द चांगले जमले तर मीच उचलून धरीन.”

उचलून धरीन. सरांना त्यात शुभशकुन दिसला. ते घरी आले ते जवळजवळ नाचतच. दोन शब्द काय असणार हे त्यांना बसमध्येच सुचलं होतं. मुल्तोस सुस्तुलित.

“म्हणजे काय?” बायकोने सुईत दोरा ओवत विचारलं.

“अनेकांना उचललं त्यांनी.”

तिचा दोरा हातातच राहिला. “अनेकांना उचललं? डॉक्टरने? अहो, देव उचलतो तसं वाटतं ते.”

“तो दुसरा अर्थ. इथे पहिला घ्यायचा. रोगाने आडवा पडलेल्याला उचललं, उभं केलं.”

“मग ‘बरं केलं’ असंच लिहा की. त्याला नाही का लॅटिनमध्ये शब्द?”

“आहेत ना, ढिगाने आहेत,” सर तुच्छतेने म्हणाले. “कुणीही लिहील ते.”

खरं तर गोम इथे होती. बरं करण्याला चांगले सरळ, निरुपद्रवी शब्द पडले होते, पण सरांना आपलं लाडकं क्रियापद दगडात कोरलेलं बघायचं होतं, खाली बारीक अक्षरांत स्वतःच्या नावासकट. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते ज्याने म्हटलं त्याला पुढचं बिल आलेलं नसणार.

आतून म्हातारीचा आवाज आला. “कोणाचा पुतळा रे?”

“थोरल्या डॉक्टरांचा, आई.”

“तोच?”

“हो.”

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. सरांचे वडील पोटाच्या साध्या ऑपरेशनसाठी त्या दवाखान्यात चालत गेले होते आणि परत आले नव्हते. थोरल्या डॉक्टरांनी हात धुवून टॉवेलला पुसत ‘देवाची इच्छा’ एवढंच सांगितलं होतं. सर तेव्हा कॉलेजात होते. घरात तो विषय कधी निघाला नाही. सरांनी तो काढला नाही आणि म्हातारीने कुणाकडे काढायचा? सर खोलीच्या दारात जरा थांबले, मग शब्दांची मापं काढायला टेबलाशी जाऊन बसले.

पुतळा बसला. भाषणं झाली. पांढऱ्या संगमरवरावर काळ्या अक्षरांत मुल्तोस सुस्तुलित. लोकांना कळलं काही नाही, पण वजन मात्र आलं. धाकट्या डॉक्टरांनी चारचौघांत सरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सर आठवडाभर तो खांदा जपून चालत होते.

मग घात झाला, आणि तो केला सरांच्याच एका विद्यार्थ्याने. हा गृहस्थ औषधांचं दुकान चालवायचा. शाळेत असताना तो लॅटिनमध्ये दोनदा नापास झाला होता, त्यामुळे तोल्लोचे अर्थ त्याने इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकले होते. एक्स-रे काढायला आला, रांगेत उभा राहिला, समोरचा दगड वाचला आणि असा हसत सुटला की नर्सने त्याला पाणी आणून दिलं. सरांनी शिकवलेलं आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी नीट लक्षात राहिलं, आणि नेमकं तेच नडलं.

संध्याकाळपर्यंत औषधांच्या गल्ल्यावर, न्हाव्याकडे, बसथांब्यावर एकच विषय होता. ‘यांनी अनेकांना संपवलं’ असं दवाखान्याने स्वतःच दारात लिहून ठेवलंय. खोकला झालेला माणूसही म्हणायला लागला, नको रे बाबा, तिथे उचलतात. आणि हसता हसता एखादा मध्येच गप्प व्हायचा, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या दारातून आत गेलं होतं.

दोन दिवसांत सरांना बोलावणं आलं. धाकटे डॉक्टर तसे हिशेबी माणूस, आरडाओरडा करणारे नव्हते. दार लावून घेतलं, चहा मागवला. “सर, झालं ते झालं. शब्द चुकला, नजरचूक झाली, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी दगड बदलतो. तुमचा वर्गही राहील, निवृत्तीपर्यंत कुणी हात लावणार नाही.”

बघा, देव द्यायला बसला की असा देतो. ‘चुकलं’ म्हणायचं आणि चहा पिऊन घरी यायचं. शेंबडं पोर म्हणालं असतं. पण सरांच्या कानात शिरला तो एकच शब्द, की शब्द चुकला. तोल्लो चुकला? वर्षानुवर्षं ज्याची मनधरणी केली तो? सरांनी कप खाली ठेवला आणि वर्गात ठेवत तसे दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

“शब्द चुकत नसतो, डॉक्टरसाहेब. अर्थ संदर्भाने ठरतो. इथे संदर्भ दवाखान्याचा आहे. इथून कित्येक जण आपल्या पायांनी घरी गेले, तो पहिला अर्थ. कित्येक जण गेलेच, तो दुसरा. व्याकरण बघा, इतिहास बघा, वाक्य दोन्ही अर्थांनी निर्दोष आहे.”

इथवर कदाचित निभावलं असतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता, पण हसू दाबल्यासारखंही वाटत होतं. पण अर्थ सांगितला आणि उदाहरण दिलं नाही, असं सरांच्या हातून आजवर झालं नव्हतं.

“उदाहरणार्थ,” सर म्हणाले, “माझे वडील. ते दुसऱ्या अर्थात येतात.”

उचलली जीभ नि लावली टाळ्याला, याला लॅटिनमध्ये काय म्हणतात कोण जाणे. बोलून झाल्यावर सर स्वतःच तोंड उघडं टाकून बसले. हे वाक्य त्यांनी जुळवलं नव्हतं. ते इतकी वर्षं आत कुठे बसलं होतं, आणि नेमकं आजच कसं उठून बाहेर आलं, हे त्यांनाही कळेना. धाकट्या डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि शिपायाला चहा परत न्यायला सांगितला.

महिना उलटायच्या आत लॅटिनची उचलबांगडी झाली. सरांचीही. पुतळ्याखाली नवा दगड बसला, त्यावर नुसतं नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा. जुना दगड सरांचं नाव असल्यामुळे दवाखान्याने हातगाडीवर घालून सरांच्या घरी पाठवला. हमालांनी तो शिवणाच्या मशीनशेजारी भिंतीला टेकवला आणि घाम पुसत निघून गेले. सर त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. दुपार झाली तरी बसलेलेच होते.

बायको जेवायला वाढताना म्हणाली, “बरं केलंत बोललात ते.” मग लगेच, “पण नोकरी ठेवून बोलायचं होतं.” सरांनी मान हलवली. जेवण झाल्यावर त्यांनी ताट उचललं, कुठे न्यायचं ते आठवेना, म्हणून हातात धरून उभे राहिले. तिने ते काढून घेतलं.

तेवढ्यात आतून हाक आली. “सूनबाई, तो दगड आलाय ना? मला बघायचाय.”

बाई उठली नाही. मशीनवर बसून तिने पाय पायडलवर ठेवला. “आज तुम्ही उचला,” ती म्हणाली.

सर आत गेले. आईच्या अंगाखाली हात घालायचे कसे, हेच त्यांना सुचेना. दोन्ही हात पाठीखाली घातले तर पाय खाली राहिले, दोन्ही पायांखाली घातले तर डोकं मागे गेलं. “एक इकडे, एक तिकडे,” म्हातारी म्हणाली. “अरे हळू. याच्यापेक्षा देव बरा, तो एकदाच उचलतो.” अखेर कशीबशी ती हातांवर आली. किती हलकी झाली होती आई, हे सरांना ठाऊकच नव्हतं. त्यांना एकदम रडू यायला लागलं, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

दगडासमोर ते तिला घेऊन उभे राहिले. म्हातारीने ती काळी अक्षरं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पाहिली. शाळेत कधी गेली नव्हती ती.

“तू त्या डॉक्टरला तोंडावर सांगितलंस म्हणे.”

“हो, आई.”

“मग यात तुझ्या वडिलांचं नाव कुठे आहे?”

सरांनी हनुवटीने पहिला शब्द दाखवला. “हा बघ. ‘अनेकांना.’ यात आहेत ते.”

म्हातारीने हात लांबवला. सर वाकले, तेव्हा तिचा हात दगडाला पोचला. त्या शब्दावरून तिने बोट फिरवलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.

“बरं,” ती म्हणाली. “आता ठेव मला खाली. हात भरून आले असतील तुझे.”

“राहू दे,” सर म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.