बोअरची गाडी कोणी अडवली?

आमच्या गावाच्या इतिहासात घटना एकच. चाळीसेक वर्षांपूर्वी, भर मे महिन्यात, बोअर मारणारी गाडी आमच्या गावातून रनाळ्याकडे निघाली होती आणि अकरा बायकांनी ती अडवली. आधी इथे बोअर मार, मग पुढे जा. संध्याकाळपर्यंत गाडी हलली नाही. हलली तेव्हा गावात पाणी लागलेलं होतं. इतिहास एवढाच, पण सांगणारे फार.

तेव्हा नंदुरबारच्या एका पेपरात फोटो आला होता. गाडीच्या नाकाला हात टेकून उभी असलेली एक बाई, पदर पार हनुवटीखाली ओढलेला. खाली छापलेलं, 'शेकडो संतप्त महिला'. पुढे ग्रामपंचायतीची स्मरणिका निघाली. तिच्यात हेच सगळं 'कै. बेबीबाई यांच्या तेजस्वी नेतृत्वाखाली' घडलं. बेबीबाई म्हणजे तेव्हाच्या सरपंचांची आई, आणि स्मरणिका छापून घेणारे तिचेच नातू. आता पणतू भाग्येश याने रील केलं आहे. त्यात ढोल आहे, धूर आहे, उघड्या तोंडाची गोरीपान बाई कोयता उगारून उभी आहे आणि मागे धबधबा आहे. गावात धबधबा असता तर बोअरची गाडी अडवली कशाला असती, हे त्याला विचारायचं राहून गेलं. चौदा हजार लोकांनी ते पाहिलंय.

या सगळ्यात आमच्या शेजारची दगूबाई एकटीच सांगत असते, "ती बाई मी."

तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, यात थोडा दोष तिचाही आहे. तिच्या तोंडची गाडी दरवर्षी वाढते. मी शाळेत होतो तेव्हा दहा चाकांची होती, परवा सोळाची झाली. ड्रायव्हर कधी पंजाबचा, कधी मद्रासचा. पण तिची तक्रार कधी नव्हती. ओट्यावर पापड वाळत घालता घालता सांगायची आणि आम्ही हसलो की आमच्यापेक्षा मोठ्याने हसायची.

यंदा मात्र बिनसलं. पाण्याच्या नव्या टाकीवर गावाचा इतिहास रंगवायचं ठरलं. अक्कलकुव्याकडचा करणसिंग पेंटर आला. फोटोतल्या बाईला तोंड नाही म्हणून तो अडला, तर भाग्येशने पणजीचा फोटो आणून दिला. हे दगूबाईला कळलं. तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून ती निघाली. मागून मी.

"बेबीमायनं तोंड लावशीन तठे?" तिने खालूनच करणसिंगला विचारलं.

"आजी, सगळीकडे तेच लिहिलंय," भाग्येश म्हणाला. "तुमच्याकडे पुरावा काय?"

दगूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुन्ही पणजी कोनले देखीसन पदर वढे रे? गावमा तिन्हापेक्षा मोठं कोन व्हतं?"

बेबीबाई तेव्हा सत्तरीची, अर्ध्या गावाची सासू. तिच्यापुढे लोक टोपी सारखी करायचे. ती कोणासाठी हनुवटीखाली पदर ओढणार?

"मंग तुम्ही कोणासाठी?" करणसिंगने शिडीवरून विचारलं.

"निंबखाले मन्हा जेठ उभा व्हता ना!"

जेठ म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, चुनीलाल आबा; आमच्याकडे जेठासमोर बाई तोंड दाखवत नाही. ते हयात नाहीत. पण ते त्या दिवशी निंबाखाली होते हे गावातल्या म्हाताऱ्यांना पक्कं माहीत आहे, कारण 'बाया मार खातीन' असं ते तिथूनच ओरडत होते. अकराजणींत ते जेठ लागत होते फक्त एकीला.

चाळीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पेपरवाल्याच्या नाही, स्मरणिकावाल्यांच्या नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

भाग्येशने पणजीचा फोटो खिशात घातला. करणसिंगने ब्रश उचलला. "बसा आजी समोर. तुमचंच तोंड काढतो."

वाटलं, बाई आता पावडर लावून येते. तर ती उलट चिडली.

"मन्हं तोंड नको काढू. त्या दिन उघडं व्हतंच नही, मंग उघडं तोंडवाली ती मी कशी?"

"मग पदर ओढलेलीच काढू?"

"हां. आनि जेठलेबी काढ. नहीतर लोके म्हणतीन, बाई गाडीले घाबरनी म्हनीसन तोंड झाकं."

आबांचा फोटो तिच्याच घरून आला. एकच होता, भिंतीवरचा, हार घातलेला. त्यामुळे आता टाकीवर चोविशीची दगूबाई सोळा चाकांच्या गाडीला हात लावून उभी आहे (चाकं तिने जातीने मोजून घेतली) आणि निंबाखाली तिचे ऐंशी वर्षांचे, चष्मा लावलेले जेठ उभे आहेत.

मी म्हटलं, "आजी, आबा तेव्हा एवढे म्हातारे कुठे होते?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तठे व्हता ना तो? बस."