सुपरवायझर कांताबाई

कर्वेनगरच्या कांताबाई एका आयटी कंपनीत ठेकेदारामार्फत साफसफाईला होत्या. दोन हजार तीन साली ठेकेदाराने त्यांना बढती दिली. काम तेच, झाडूही तोच. गळ्यातल्या कार्डावर मात्र ‘सुपरवायझर’ आलं. त्या कंपनीत कॉफी जशी फुकट, तशी पदंही फुकट. पण कांताबाई हरखल्या. त्यांच्या सासूला जन्मभर ‘ए झाडूवाली’ अशीच हाक ऐकावी लागली होती. कांताबाईंनी वस्तीतल्या बुद्धविहारात पेढे वाटले.

वर्षभराने त्यांनी दर आठवड्याला एक सुट्टी मागितली. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्यांना गेटवरच अडवलं. नोटीस नाही, चौकशी नाही. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. मागणी एकच: नोकरी परत द्या.

त्यांचे वकील अभय यांनी परोपरीने बजावलं होतं, “कांताबाई, कायदा कामगाराला वाचवतो, सुपरवायझरला नाही. कमी पगाराच्या सुपरवायझरला वाचवणारी पगाराची एक मर्यादा आहे, पण ती वीस वर्षांपूर्वीची. तुम्हीसुद्धा तिच्या वर जाता. कोर्ट कार्ड बघत नाही, तुम्ही खरं काम काय करत होतात ते बघतं. विचारलं की सांगायचं, झाडू मारत होते. बास.”

साक्षीला तीन तारखा वाया गेल्या. चौथ्या तारखेला ठेकेदाराचे वकील उठले. कसे अगदी लग्नातल्या व्याह्यासारखे गोड!

“आपण स्वतः झाडू मारत होतात?”

“रोज. दोन मजले.”

अभय वकिलांचा जीव भांड्यात पडला.

“आणि कोपऱ्यात कचरा राहिला, तर बाकीच्या बायकांना कोण बोलायचं?”

कांताबाईंची मान ताठ झाली. “मीच! दुसरं कोण? कुणी कुठला मजला करायचा तेसुद्धा मीच सांगायची. माझ्या हाताखाली सहा जणी होत्या साहेब, एकीची तक्रार नाही आली कधी!”

“धन्यवाद. आणखी काही विचारायचं नाही.”

अभय वकिलांनी कपाळाला हात लावला. बाई एवढी शहाणी, पण नेमकं नको तिथे शहाणपण! आणि चिडायचं तरी कुणावर? इतकी वर्षं मान मोडून केलेल्या कामाबद्दल गोडीने विचारणारं पहिलं माणूस भेटलं ते हे, विरोधी वकील.

बाहेर मुलगी आम्रपाली उभी होती. लॉ कॉलेजात ‘कायदा आणि समाज’ या विषयाच्या प्रकल्पासाठी ती आईच्या खटल्याची टिपणं काढत होती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “आई, गप्प बसायचं होतंस गं!”

“का? खोटं बोलले का मी?”

“नाही.”

“तो वकील बोलला?”

“तोही नाही.”

“न्यायाधीशांनी काही वावगं केलं?”

“नाही गं, आई.”

“मग माझी नोकरी खाल्ली कुणी?” कांताबाई कडाडल्या. “पाच वर्षं कायदा शिकतेस ना? लिही की उत्तर!”

आम्रपालीने वहीचं नवं पान उलटलं, आणि वर आईचाच प्रश्न लिहून घेतला.