पिशवीत राहिलेले पाट

अन्याय झाला तो रूबेनकाकांवर, आणि झाला होळीच्या आधीच्या शनिवारी. ते गेले रविवारी सकाळी, हे आमच्या सगळ्या आळीला माहीत आहे. पण त्यांच्या मरणाची तयारी आदल्या दिवशी झाली, ते घरी पांढरा सदरा घालून खिडकीपाशी बसलेले असताना. रविवारी फोन आला तेव्हा मी पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर खाडीतल्या भरावाविरुद्धची पत्रकं वाटत होते. मिल्काकाकू एवढंच म्हणाल्या, "अगं, तुझे काका बोटीवरून पडले..." बोटीवरून म्हणजे पाण्यात असं मला वाटलं. काका पोहण्यात वस्ताद, म्हणून क्षणभर मी निर्धास्तसुद्धा झाले. बोट पाण्यात नव्हतीच. ती यार्डात लाकडी घोड्यांवर उभी होती, आणि खाली सिमेंट होतं.

काका आमचे शेजारी. पनवेलात उरलेल्या मोजक्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, घरांपैकी त्यांचं एक. मुलगी लग्न करून इस्रायलला गेली, तिने किती वेळा बोलावलं, पण हे हलले नाहीत. गोदीतून निवृत्त झाल्यावर उरणच्या वाटेवरच्या एका यार्डात जायला लागले. यार्डाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हा लेख छापला जाणार नाही. तिथे फायबरच्या बोटी बनतात. डेकवर जे जे उभं राहतं, दोर बांधायचे खुंटे, कड्या, कठड्याचे खांब, ते बसवायचं काम काकांचं. गेलेल्या माणसाला देवमाणूस म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. काका देवमाणूस वगैरे नव्हते. तोंड फटकळ, केसांना रोज कलप, आणि आपल्याइतकं हे काम कोकणपट्टीत कोणाला येत नाही असं स्वतःच सांगत फिरायचे. मला जिन्यात गाठून विचारायचे, "काय गं पत्रकवाली, आज कोणाचा मुर्दाबाद?" मी पत्रक हातात दिलं की चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि परत द्यायचे. "बोंब जोरात आहे. बोल्ट कुठाय?" बोल्ट म्हणजे पुरावा. मी चिडायचे. ते आणखी हसायचे.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. एखादी वस्तू चकाकली की त्यांच्या कपाळावर आठी. मला ते एकदा यार्डात घेऊन गेले होते, ती हीच बोट दाखवायला. कॅटामरान, म्हणजे दोन बुडं आणि त्यांना जोडणारा एकच रुंद डेक. पर्यटकांना फिरवण्यासाठी बनत होती. मी म्हटलं, काय भक्कम दिसतेय! काका म्हणाले, "हे क्रीमचं बिस्किट आहे. वर पातळ फायबर, खाली पातळ फायबर, मधे हलकं लाकूड. वरून स्क्रू पिळलास तर क्रीममध्ये काडी खोचल्यासारखं. उभी राहते, फोटोत छान दिसते. कोणी ओढली की आली हातात." म्हणून ते भोक मोठं कोरायचे, आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचे, तिथे रेझिन भरायचे. ते कडक झालं की त्यातून नवं भोक, त्यात आरपार बोल्ट, आणि डेकच्या पोटाशी, नट लावायच्या आधी, ॲल्युमिनियमची जाड पट्टी. तिला ते पाट म्हणायचे. "पाहुण्याला आपण पाट देतो की नाही? नटालाही द्यायचा. नाहीतर उठून जातो." हे पाट ते घरीच कापायचे, गॅलरीत बसून. कोपरे कानशीने गोल करायचे, कारण टोकदार कोपरा ताण आला की फायबरच कापतो. त्या खरखरीने आमची दुपारची झोप उडायची. माझी आई भिंतीवर लाटणं आपटायची, आणि पलीकडून काका कानशीनेच ठोकून उत्तर द्यायचे.

आणि शनिवार. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; काका शनिवारी कामाला हात लावत नसत. गोदीतही नाही, यार्डातही नाही. यार्डवाल्यांची कुरकुर होती, पण काकांनी कामच असं बेतलं होतं की शनिवार फुकट जाऊ नये. शुक्रवारी रेझिन भरायचं, शनिवार सोडायचा, रविवारी बोल्ट. "शनिवारी रेझिनही सुट्टीवर, मीही सुट्टीवर. दोघंही त्यानेच घट्ट होतो," असं म्हणायचे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. काकू दिवे लावत होत्या. काका अंघोळ करून आले ते धुसफुसतच. "मालकाला घाई झालीय. रविवारी विकत घेणारी पार्टी बोट बघायला येणार म्हणे. खांब अजून जमिनीवर पडलेत, भोकांत रेझिन ओलं आहे, आणि हा मला सांगतो, काका, उभे तरी करून ठेवा. अरे उभे करायला ते काय लग्नाच्या मांडवाचे खांब आहेत?" मग सूर्य मावळला आणि त्यांनी विषय मिटवला.

आता मला कोणीतरी सांगा. शुक्रवारी संध्याकाळी जे खांब जमिनीवर होते, ते रविवारी सकाळी डेकवर उभे कसे होते? काका नेहमीसारखे पिशवी खांद्याला लावून शिडी चढले. वर पोचताना माणूस हाताला जे लागेल ते धरतो. शिडीजवळचा खांब हाताला लागला... आणि खांबासकट ते खाली आले.

मालक मातीला आले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हळहळले, "त्यांनीच बसवलेला खांब हो. वय झालं होतं, हात पहिल्यासारखा राहिला नव्हता."  सुतकाचे सात दिवस घरी बसणं संपलं तेव्हा मिल्काकाकू मला म्हणाल्या, "त्यांना पडले म्हणू देत. कच्चं काम केलं म्हणू देऊ नकोस."

मी यार्डात गेले. तो खांब गायब. कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. काकांबरोबर डेकवर काम करणारा जनार्दन फाटकाशी भेटला. मला बघून बिडी विझवली.

"ताई, आमाला काय माईत नाय. शनिवारी आमी जेट्टीवर होतो."

"सगळेच?"

"सगलेच."

"मग खांब काय स्वतःच शिडी चढून वर गेले?"

"तुमाला बोलायला काय जातं? आमाला उद्या परत हितंच यायचं हाय." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काका शिव्या लय द्यायचा. पन पाट लावल्याबिगर नट कदी पिलला नाय त्यानं."

यार्डाची एक चूक झाली. काकांची पिशवी त्यांनी रिक्षात घालून घरी पाठवली, न उघडता. ज्यांना पाट कशासाठी असतो हेच ठाऊक नाही, त्यांना तो पिशवीत शोधायचं सुचणार कसं? पाट आत आहेत. सगळे. कोपरे गोल केलेले, कोरे, एकावरही रेझिनचा किंवा सीलंटचा डाग नाही. प्रत्येकावर काकांनी मार्करने लिहिलंय, कोणत्या खांबाखाली कोणता. एकावर लिहिलंय, "डावा, शिडीजवळचा". मालकांचं म्हणणं, जादा कापले असतील. शिडीजवळ डावीकडे खांब एकच होता.

पिशवी आता काकूंच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला आहे. दार उघडलं की ती भिंतीवर आपटते, आतले पाट वाजतात, आणि काकू मान वर करतात. काका, हा घ्या बोल्ट.

चौकशी चालू आहे म्हणतात. तिकडे बोटीवर नवा कठडा उभा राहिलाय, चकचकीत, आणि पावसाळा सरला की ती प्रवासी घेऊन निघणार आहे. तो कठडा कोणी बसवला, कसा बसवला, विचारलं की फाटक बंद होतं. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही, जे मुलाबाळांना घेऊन त्या बोटीत बसणार आहात. आधी केबिनमध्ये जा. तिथलं छत म्हणजेच डेकचं पोट, त्याचं झाकण उघडायला लावा. हात घाला आणि नटाच्या मागे पाट लागतो का बघा. नाही लागला, किंवा बघू दिलं नाही, तर उतरा. आणि उतरताना कठडा धरू नका.