सुलतान तोंड उघडतो

मी बराकपूरच्या बंगल्यावर पोहोचलो तेव्हा हवालदार बंदूक घेऊन फाटकाशी उभा होता. मेजर चौधुरींचा अल्सेशियन, सुलतान, व्हरांड्याच्या पायरीवर जबडा वासून बसला होता. मिसेस चौधुरी खिडकीच्या गजांआडून ओरडल्या, "डॉक्टरबाबू, जवळ जाऊ नका! पिसाळलाय तो!"

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. माझा जनावरांचा दवाखाना एस्प्लनेडला होता. फोन आल्याबरोबर सियालदहहून मिळेल ती गाडी पकडली होती.

"कुणाला चावला?"

"चावला नाही. दूधवाल्यासमोर जाऊन तोंड उघडलं. मग पोस्टमनसमोर. दोघंही पळाले."

पिसाळण्याच्या एका प्रकारात कुत्रा चावतच नाही. जबडा लुळा पडतो, लाळ गळते, पाणी गिळवत नाही.

"साब, हुकूम दीजिए," हवालदार म्हणाला.

"थांब. आधी पाणी."

लांब काठीनं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. सुलताननं ते चाटूनपुसून संपवलं, जबडा मिटला आणि परत वासला. म्हणजे जबडा शाबूत होता. मी घाम पुसायला रुमाल काढला. तो पाहताच सुलतान उठला आणि थेट माझ्यापुढे येऊन बसला. मान वर, ओठ मागे. दात पांढरेशुभ्र!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. "मेजरसाहेब कुठे आहेत?"

"टूरवर. काल रात्री गेले."

थंडीत मीच सुलतानच्या दातांवरचं कीटण खरवडलं होतं. कीटण म्हणजे दातांवर साचून दगडासारखा झालेला थर. त्यानं हिरड्या सडतात, दात हलायला लागतात. ते पुन्हा साचू नये म्हणून मेजरना सांगितलं होतं, रोज सकाळी बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसा. मेजर लष्करी माणूस. रोज म्हणजे रोज, तेही मेमसाहेब उठायच्या आत.

मी रुमाल भिजवून बोटाला गुंडाळला. हवालदारानं डोळे मिटून घेतले. वरचे दात, खालचे दात, मागच्या दाढा. काम झाल्यावर सुलताननं तोंड मिटलं आणि सावलीत जाऊन आडवा झाला.

मिसेस चौधुरी बाहेर आल्या. "एवढंच होतं?"

"एवढंच. साहेब येईपर्यंत रोज तुम्हाला करावं लागेल."

"मी? त्याच्या तोंडात हात?" त्यांनी हवालदाराकडे पाहिलं.

हवालदारानं बंदूक खांद्यावर टाकली. "मेमसाब, मेरी ड्यूटी गेट पर है."

शेवटी त्यांनीच माझ्यासमोर एकदा करून पाहिलं. चेहरा दुसरीकडे वळवून, पण केलं.

तेव्हापासून कुत्र्याचे दात पुसायला शिकवायचे असले की मी घरातल्या दोघांना बोलावतो. एक जण कधी ना कधी गावाला जातोच.